गुरुजी, सुई तुम्ही ओवत होता

गुरुजी,

शाळा कमिटीनं सांगितलं, आबा, तुमची न् गुरुजींची रोजची बैठक होती, तर पोरांच्या हस्तलिखितासाठी तुमी चार ओळी लिवा. गुरुजी कसे थोर होते ते लिवा. मी म्हणालो, थोर होते का नव्हते ते मागनं बघू, आधी मला त्यांच्याशी भांडायचंय. कमिटीवाले हसले. त्यांना वाटलं, म्हातारा दुःखानं बोलतोय. मी रागानं बोलत होतो. अजून रागातच आहे.

तुमचा जन्म वडगाव निंबाळकरचा, नोकरी कुठं कुठं झाली, आमच्या अंथुर्ण्याकडं बदली कशी झाली, हे सगळं दुसरे लिहितील. आज तुम्हाला अरे-तुरे करायचं ठरवून बसलो होतो. वयानं तुम्ही माझ्या धाकट्या भावाएवढे, म्हणजे हक्कही होता. पण टाक उचलला आणि हात काही 'अरे' लिहीना. मेल्यावरसुद्धा माणसानं आपला मान राखून घ्यावा, हा पण एक रागच आहे.

विषय सुईचा आहे.

तुमचं तेरावं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी मी हिराला घेऊन तुमच्या घरी गेलो. हिरा माझी नात, तुमच्या चौथीतली, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. वहिनी ओट्यावर गोधडी घेऊन बसल्या होत्या. सुईत दोरा जाईना. थुंकी लावून झाली, डोळे बारीक करून झाले. मग त्या म्हणाल्या, "हिरा, एवढी सुई ओवून दे गं. हे होते तोवर मला कधी ओवावी लागली नाही. कंदिलाच्या उजेडातसुद्धा हात लांब धरून एका झटक्यात दोरा घालायचे."

मी म्हणालो, "कोण?"

"हेच. आणखी कोण?"

"गुरुजी? वयनी, त्यांच्या डोळ्यांपुढं तर धुकं यायचं."

वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, की धुकं माझ्याच डोक्यात असावं. म्हणाल्या, "आबा, इथं ओट्यावर बसून कालव्यावरनं चाललेला माणूस कोण आहे हे ते टोपीवरनं सांगायचे. कसलं धुकं?"

हिरानं सुई ओवली. मी चहा न घेताच उठलो. वाटेत हिरा म्हणत होती, "आबा, दमानं चाला की." दमानं चालायला मला काही सुचत नव्हतं. दोन सालं तुम्ही मला बनवलंत, गुरुजी. मला. ज्याला बाजारात दलाल बनवू शकला नाही, सोयरीक जमवताना पाहुणे बनवू शकले नाहीत, त्याला एका मास्तरानं लिंबाखाली बसून रोज संध्याकाळी बनवलं.

आता सगळं मुळापासून सांगतो, कारण तुम्ही आता मधे बोलून माझं बोलणं तोडू शकत नाही.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या शाळेत पोरींपेक्षा पोरींच्या कडेवरची पोरं जास्त होती. आई-बाप भाजीच्या वाफ्यात, नाहीतर मेंढरांमागं. धाकटं भावंड थोरलीच्या काखेत. थोरली पाढे म्हणायची आणि धाकटं तिच्या पाटीवर मुतायचं. दिपोटी साहेब तपासणीला आले, त्यांनी हे बघितलं आणि नाकाला रुमाल लावून सांगून गेले, की ही चिल्लीपिल्ली शाळेत दिसता कामा नयेत. चिल्लीपिल्ली गेली तर पोरीही जाणार, हे साहेबाला कोण सांगणार?

तुम्ही साहेबाला हो म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी चिल्लीपिल्ली शाळेतनं उठवून शेजारच्या देवळाच्या ओवरीत बसवलीत. म्हणालात, ही बालवाडी झाली. आणि दुपारी एक तास तिसरी-चौथीतल्या मोठ्यांनी ओवरीत जायचं, एकेकानं एकेक बारकं मांडीवर घ्यायचं आणि त्याला पुस्तक वाचून दाखवायचं. त्यातही मेख अशी, की आपलं भावंड घ्यायचं नाही. दुसऱ्याचं घ्यायचं. मी विचारलं तर म्हणालात, "आबा, सख्ख्या भावाला पोरगी धपाटा घालते. दुसऱ्याच्या पोराला घालता येत नाही, वाचून दाखवावंच लागतं."

हे मला पटलं होतं. तेव्हा बोललो नव्हतो, आज लिहितो.

पण पहिले काही दिवस नुसता गोंधळ. बारकी आपापल्या बहिणीकडं पळायची, मोठी तोंड फुगवून बसायची, ओवरीत रडारड. गुरव म्हणाला, देवाला झोप लागंना. तुम्ही तोंड पाडून फिरत होता. अशाच एका सकाळी तुम्ही माझ्या वाघरापाशी, मेंढरांच्या जाळीपाशी, येऊन उभे राहिलात. मेंढरं मी कमी केली होती, कालव्याचं पाणी आल्यापासून मळाच बघत होतो, पण दहा-वीस होतीच. मी एका पिलाची पाठ चोळत होतो.

"आबा, हे काय लावताय?"

"मीठ."

"कशाला?"

"ह्याची आय मेली. ती तिकडली मेंढी ह्याला जवळ घेत न्हाय. आता मिठासाठी चाटंल. चाटता चाटता त्याचा वास तिच्या अंगचा हुतो, मग पाजती."

"आणि मीठ संपल्यावर?"

"तवर तिला इसर पडतो, की हे आपलं न्हाय."

तुम्ही बराच वेळ तिथंच उभे. मेंढीनं एकदा पिलाला ढुशी दिली, दोनदा दिली, मग जीभ लावली. तुम्ही तसेच शाळेकडं वळलात. दुसऱ्या दिवशी ओवरीत प्रत्येक बारक्याच्या खिशात मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. मोठ्याला खायचं असेल तर बारक्याच्या खिशातनंच घ्यायचं, आणि बारक्यानं पान ऐकल्याशिवाय खिसा उघडायचा नाही. ज्यांना खिसा नव्हता त्यांच्या अंगरख्याला वहिनींनी शिवून दिला. त्या खिशांसाठी सुया कोण ओवून देत होतं ते आता मला कळलंय.

मी येऊन बघितलं आणि म्हणालो, "गुरुजी, मीठ पिलाच्या पाठीला लावत्यात. खिशात न्हाय घालत."

तुम्ही म्हणालात, "पाठीला फुटाणे चिकटत नाहीत, आबा."

आमच्या हिराचं तेव्हा अवघड होतं. तिसऱ्या बुकात गेलेली पोरगी, पण वाचायला उभी राहिली की ओळीच्या मधेच जीभ अडकायची. वर्ग हसायचा. ती खाली बसायची ती दिवसभर वर बघायची नाही. तुम्ही तिला जोडीतनं वगळणार होता. म्हणालात, तिला सक्ती नको. तेव्हा मीच तुम्हाला शिकवलं, लक्षात ठेवा. मी म्हणालो, "जी अडखळती तिला सगळ्यांत बारकं द्या. बारकं हसत न्हाय. काय चुकलं ते त्याला कुठं ठावं हाय?"

तुम्ही तिच्या मांडीवर माळ्याचा सोपाना ठेवलात. सगळ्यांत लहान, नाक वाहतं, बोलणं बोबडं. हिरानं त्याला एकच पान आठवडाभर वाचलं. त्याला त्याचं काही नव्हतं. आठवडा संपल्यावर तिनं पान उलटलं तर तो म्हणाला, तेच वाच. पोरगी घरी येऊन पहिल्यांदा शाळेचं काही बोलली. तिच्या आजीला म्हणाली, "सोपानाला माझंच वाचलेलं कळतं. दुसऱ्याचं कळत न्हाय." त्या दिवशी मी तुम्हाला शेरभर दूध पाठवलं होतं. कशाबद्दल ते तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग तुम्ही माझ्यावर फिरलात.

मी दोन बुकं शिकलेला माणूस. पुढं मेंढरं आणि माळरान. अक्षर ओळखीचं होतं, सोयरं नव्हतं. पण सही झोकात करायचो, फेटा बांधायचो, आणि कमिटीत कागद पुढं आला की म्हणायचो, चष्मा घरी राहिला, तुमीच वाचा. चष्मा मी जन्मात कधी घेतला नव्हता. गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुम्ही दोन मीटिंगांत ओळखलंत, हे मला आता कळतंय. तेव्हा तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत. नुसते एका संध्याकाळी माझ्या बांधावरच्या लिंबाखाली आलात. हातात पेपर. इंदापूरच्या यष्टीनं एक दिवस शिळा येणारा तो पेपर, कंडक्टर तुमच्या नावानं खाली टाकायचा.

"आबा, एक काम आहे. कुणाला सांगायचं नाही, शप्पथ घ्या."

"घेतली."

"माझ्या डोळ्यांपुढं अलीकडं धुकं येतंय. शाळेची पुस्तकं पाठ आहेत म्हणून निभतं. पण पेपर वाचता येत नाही. वर कळलं तर नोकरीतनं काढतील. तुमी वाचून दाखवाल का?"

मी तुमच्याकडं बघितलं. एवढा शिकलेला माणूस, आणि माझ्याकडं हात पसरतोय. माझी छाती केवढी झाली म्हणून सांगू. मी म्हणालो, "चष्मा घरी राहिलाय, पर बघतो." आणि वाचायला बसलो.

दोन सालं, गुरुजी. उन्हाळ्यात, सुगीत, बाजाराच्या दिवशीसुद्धा. मी एकेक अक्षर बैलासारखं ओढत नेत होतो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. माझी एकच समजूत होती, की मी तुमच्यावर उपकार करतोय. त्या उपकाराच्या जोरावर मी ताठ चालायचो. वाचताना जोडाक्षरांचं जंगल आलं की मी आत शिरत नव्हतो. बाहेरनंच वळसा घालून बातमी स्वतःची घालायचो. त्यात माझं काय चुकलं? आंधळ्या माणसाला काहीतरी ऐकायला मिळाल्याशी कारण. एकदा मी सोलापूरकडं गारांनी मेंढरं मारली अशी बातमी दिली. तुम्ही म्हणालात, "असं व्हय? मग पुढं?" मी पुढचंही दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, ती गारांची बातमी परत वाचा, रात्री मनात घोळत होती. मी कालचा पेपर उघडून परत वाचली.

तुम्ही म्हणालात, "काल गारा सोलापूरकडं होत्या. आज नगरकडं दिसतात."

मी म्हणालो, "ढग हायती. सरकणारच."

तुम्ही उपरण्यात तोंड घालून खोकलात. मी समजलो खोकला. घरनं अडुळशाचा काढा आणून पाजला.

आणि डोळ्यांचं औषध. ते आठवलं की माझ्या हाताची मूठ वळते. शेवग्याच्या पाल्याचा रस मधात कालवून मी तुमच्या डोळ्यांत घातला होता. चांगल्या, धडधाकट, कालव्यावरची टोपी ओळखणाऱ्या डोळ्यांत. तुम्ही बाजेची कड धरून बसलात, पाणी वाहिलं, डोळे लाल झाले. मी विचारलं, कसं वाटतंय? तुम्ही म्हणालात, "आबा, फरक पडतोय." मग मी सात दिवस घातलं. सातही दिवस तुम्ही बाजेवर मान मागं टाकून गप पडलात. कसला माणूस होता तुम्ही? एकदा तरी म्हणायचं होतं, की आबा, पुरे, मला दिसतंय.

कालव्याच्या चारीवरचं फळकूट ओलांडताना मी तुमचा हात धरायचो. तुम्ही धरू द्यायचात. एकदा मीच पाय घसरून चारीत गेलो, तेव्हा आंधळ्या माणसानं मला अंधारून आलेल्या वेळी बरोबर मनगटाला धरून वर ओढलं. मी म्हणालो, नेम चांगला हाय तुमचा. तुम्ही म्हणालात, "आवाजावरनं." मी ते मानलं. म्हणजे खरा आंधळा कोण होता ते बघा.

मी तुम्हाला दोस्त समजत होतो, गुरुजी. बरोबरीचा. गावात मला तसा कोणी नव्हता. भाऊबंद होते, सोयरे होते, गरजेपुरते हाका मारणारे होते. आणि तुम्ही मला काय समजत होता? ओवरीतल्या जोडीतलं एक पोर. जे अडखळतं, त्याच्यापुढं न हसणारं माणूस बसवायचं, हे माझंच औषध मला पाजलंत. डोळ्यांचं सोंगसुद्धा माझंच उचललंत, घरी राहिलेल्या चष्म्यावरनं. ते धुकं म्हणजे तुमच्या पाठीवरचं मीठ. मी चाटत राहिलो. मला दोन सालांत विसर पडला, की मला वाचायची लाज वाटत होती. आता कमिटीत कागद आला की मी पहिला हात घालतो. सगळे बघतात. मी मजेत वाचतो. हे तुमचं काम. पण ते मला न विचारता केलंत, आणि मला न सांगता गेलात. म्हणजे दोस्त होतो का शिकवणीतला विद्यार्थी, हे मी आता कोणाला विचारू? वहिनींना विचारवत नाही.

आपला दुसरा वादही तुम्ही तसाच टाकून गेलात. महिना फिरला की तुम्ही ओवरीतल्या जोड्या मोडायचात. हिची मांडी त्याला, त्याची हिला. मला ते कधीच पटलं नाही, हिरा-सोपानाची जोडी तेवढी मी दर खेपेला भांडून राखली होती. त्या शुक्रवारी पेपर झाल्यावर तुम्ही म्हणालात, ह्या खेपेला हिरा आणि सोपानाची पाळी आहे.

मी म्हणालो, "मेंढीला पिलू लागलं की कुणी तोडत न्हाय."

"हिरा पुढल्या साली शाळेतनं जाईल, आबा. सोपानाला एकच मांडी ठावी असली, तर ती गेली त्या दिवशी तोही जाईल."

"म्हंजी पोराला आत्तापासनंच सोडायला शिकवताय व्हय?"

"दुसऱ्याला धरायला शिकवतोय."

"हे बुकातलं झालं. जीव बदलून लावता येत न्हाय."

तुम्ही धोतर झटकून उठलात. म्हणालात, "राहिलेलं उद्या बोलू." शनिवारी पहाटे तुमच्या छातीत कळ आली. उद्या बोलू म्हणणारा माणूस उद्या असला पाहिजे, गुरुजी. एवढी तरी रीत पाळायची.

तुमच्या जागी आठवड्याच्या आतच, तेरावं व्हायच्या आधी, नवे मास्तर आले. तरणे आहेत, वाईट नाहीत, वेळेवर येतात. आल्या आल्या त्यांनी सगळ्याच जोड्या मोडल्या. तुमच्यासारखं फिरवून नाही, कायमच्या. मोठ्यांनी परीक्षेचं बघावं, लहानांनी ओवरीत गाणी म्हणावीत. हिराला त्यांनी वर्गापुढं उभं करून वाचायला लावलं. त्यांना माहीत नव्हतं. वर्ग हसला. हिरानं दप्तर घरी आणून कोनाड्यात टाकलं ते टाकलंच. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, म्हणाला, "बरं झालं. मेंढरांमागं एक माणूस हवंच हाय."

मी नव्या मास्तरांकडं जाऊन भांडलो. म्हणालो, "आमच्या गुरुजींनी बसवलेली गोष्ट तुमी एका दिवसात मोडली."

ते म्हणाले, "आबा, मला वर जाब द्यावा लागतो. तुमच्या नातीला चौथीचं पान वाचता येत नाही. ती लहान पोराला काय शिकवणार?"

मी म्हणालो, "ती त्याला शिकवत न्हवती. तो तिला शिकवत हुता."

त्यांना कळलं नाही. मलाही ते बोलेपर्यंत नीट कळलं नव्हतं. मास्तरांनी एवढं मात्र म्हटलं, की पोरीला आधी वर्गात आणा, मग ओवरीचं बघू. मी हिराला समजावलं, दटावलं, शेवटी हात उगारला. पोरगी माझ्याच रक्ताची. म्हणाली, "मारा. म्या न्हाय जायची."

आणि तो सोपाना. दुपारी ओवरीतनं उठतो आणि रस्ता तुडवत आमच्या वस्तीवर येतो. खिसा फुटाण्यांनी फुगलेला. आता त्याची आयच भरून देते. कुंपणाशी उभा राहतो. हिरा म्हणते, "जा की रं घरला." तो जात नाही. खिशावर हात ठेवून उभा राहतो, कारण पान ऐकल्याशिवाय खिसा उघडायचा नाही हे तुम्ही त्याला सांगितलंय. ते बघितलं की माझा तुमच्यावरचा राग दुप्पट होतो. आणि मी म्हणतो, बघा गुरुजी, माझंच खरं होतं, जीव बदलून लावता येत नाही. पण हे ऐकायला तुम्ही नाही, मग जिंकून काय करू?

पेपर अजून येतो. वर्षाचे पैसे तुम्ही भरलेत म्हणे. कंडक्टर तुमच्या नावानं टाकतो आणि मी उचलून आणतो. वहिनींच्या घरनं रागानं आलो, त्या दिवशी तो लिंबाखाली बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जोडाक्षरांत शिरलो. एकही बातमी घरची घातली नाही. वाचून झाल्यावर सवयीनं थांबलो. 'असं व्हय' म्हणायला समोर कोणी नव्हतं.

नंतर दोन दिवस मी पेपरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच पेपर वाचून घेतला आणि घडी परत होती तशी घातली. दुपारी हिरा मेंढवाड्यापाशी मेंढरांना पाणी दाखवत होती. कुंपणाशी सोपाना होताच. मी बाजेवर बसलो आणि पेपर डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"हिरा, अगं हे काय लिवलंय बघ."

"तुमास्नी येतंय की वाचाय."

"येत हुतं. आता डोळ्यांपुढं धुकं येतंय गं. कुणाला सांगू नगंस, शप्पथ हाय. कमिटीतनं काढतील मला."

तिनं बादली खाली ठेवली. माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं. मी पापणी हलवली नाही. तुम्ही सात दिवस शेवग्याचा रस सोसलात, मला एवढं सोसायला हवं होतं.

"कवापासनं?"

"बरंच दिस झालं. ये, बस. त्या पोराला पण आत घे, उन्हात किती उभा करशील?"

ती बसली. सोपाना आला तो कुणाला न विचारता तिच्या मांडीवर चढला. हिरानं पहिली ओळ घेतली. अडखळली. माझ्याकडं बघितलं, मी डोळे मिटून घेतले. सोपानाकडं बघितलं, तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. ती पुढं सरकली. दोन ओळी, तीन. मग मोठा शब्द आला. सकाळी मी त्याच शब्दापाशी पाणी प्यायला उठलो होतो. त्या बातमीत कोणी मोठा माणूस कुठल्याशा इमारतीचा पाया घालत होता. हिरा थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग ती झपझप वाचायला लागली. "इंदापूरच्या बाजारात एक मेंढी चुकली. सगळ्यांनी लय हुडकली. घावली न्हाय. मग एका पोरानं तिला यष्टीत बसलेली बघितली."

सोपाना म्हणाला, "तिकीत काधलं का?"

मला खोकला आला, गुरुजी. उपरण्यात तोंड घालावं लागलं. हिरा लगेच म्हणाली, "आबा, काढा देऊ का करून?"

मी हात हलवून नको म्हटलं. ह्याचा अर्थ तुमचं खरं ठरलं असा घेऊ नका. तुमच्यावरचा राग गेलेला नाही आणि ते फळकूट ओलांडताना माझा हात अजून बाजूला जातो. दोस्त का विद्यार्थी, हेही तुम्ही सांगितलेलं नाही. पण डोळे मिटून समोर बसलं, की कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं. समोरचं माणूस चुकतंय हे माहीत असतं आणि तरी जागचं हलवत नाही. हे मेहेरबानीनं होत नाही. मेहेरबानीनं कोणी दोन सालं लिंबाखाली बसत नाही.

सोपानानं खिसा उघडला. हिरानं एक फुटाणा घेतला, एक माझ्या हातावर ठेवला. मी डोळे न उघडताच तोंडात टाकला.

म्हणालो, "असं व्हय? मग पुढं?"